खामचा माग : नकाशांतून आणि जुन्या पोथ्यांतून

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ऋषींचे कूळ तूर्त बाजूला राहू द्या. पण नदीच्या मुळाच्या बाबतीत आज ही म्हण आपण थोडी मोडणार आहोत. ज्या नदीचे मूळ शोधायचे आहे ती काही गंगा-गोदावरीसारखी मोठी नाही. तिच्यावर कुंभमेळा भरत नाही. तिचे नाव आहे खाम. छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तरेला जाटवड्याचे डोंगर आहेत, तिथे ती उगम पावते, शहराच्या कडेकडेने वाहते आणि सुमारे सत्तर किलोमीटरांची वाट चालून गोदावरीला मिळते. आपापल्या गावच्या ओढ्याइतकीच ती साधी. पण या साध्या ओढ्याने एक शहर वसवले आहे, आणि हे समजून घ्यायचे तर जुन्या कागदांपाशीच बसावे लागते.

आपण निघू या पुंडलिकनगरातून. शहराच्या दक्षिणपूर्व अंगाला, गारखेड्याच्या शेजारी ही दाट वस्ती आहे. पुंडलिक म्हटला की आपल्याला चंद्रभागेचा काठ आठवतो. पण या पुंडलिकाच्या दारी नदी नाही. खाम दूर पश्चिमेला राहिली आणि सुखना पूर्वेला चिकलठाण्याकडे. वस्तीत उभी आहे ती पाण्याची उंच टाकी. शाळेतल्या एखाद्या चुणचुणीत पोराने विचारले, ‘‘गुरुजी, टाकीत पाणी कुठून येतं?’’ तर उत्तर सोपे आहे : पैठणहून, जायकवाडीच्या धरणातून. पण त्याने पुढचा प्रश्न केला, ‘‘आणि धरण नव्हतं तेव्हा?’’ तर काय सांगाल? धरण कालचे आणि शहर चारशे वर्षांचे. मग इतकी वर्षे एवढे मोठे शहर प्याले तरी काय? आजची आपली सगळी धडपड या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

पहिला कागद घेऊ तो नकाशाचा. आपल्या देशात १७६७ पासून भारतीय सर्वेक्षण विभाग नकाशे काढतो आहे. त्याने देशाचे चौकोन पाडून प्रत्येक पानाला क्रमांक दिला. आपले हे शहर जुन्या क्रमवारीत ‘४७ एम / ५’ या पानावर येते. पूर्वी अशा पानावर एक इंच म्हणजे जमिनीवरचा एक मैल असे माप असे. पुढे दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर असे झाले. एवढ्या मोठ्या मापाचा नकाशा असला म्हणजे त्यात विहिरी, देवळे, पाऊलवाटा, एवढेच नव्हे तर लहानसहान ओढेही सापडतात. देशाच्या मोठ्या नकाशाचे तसे नसते. रेनेलसाहेबाने १७८२ साली हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध केला. अवघा देश एका कागदावर मावायचा तर तिथे मान मिळतो तो गोदावरीसारख्या नद्यांना. गावच्या ओढ्याला पाहायचे असेल तर गावाच्या मापाचा नकाशाच घ्यावा लागतो.

आता या पानावर ओढा ओळखायचा कसा, ते सांगतो; वर्गात उपयोगी पडेल. अशा नकाशात निळा रंग म्हणजे पाणी आणि काळी रेघ म्हणजे वर्षातला बराच काळ कोरडा राहणारा ओढा. आपल्या मराठवाड्याच्या पानांवर काळ्या रेघाच जास्त दिसतात. बिचकू नका, त्या रस्त्यांच्या नव्हेत, ओढ्यांच्या आहेत. तपकिरी रंगाच्या वेड्यावाकड्या रेघा दिसतात त्या समोच्चरेषा. एकाच उंचीच्या जागा जोडीत त्या जातात. या रेघा जिथे टोक काढून वळतात तिथे थांबायचे. टोक चढाकडे असेल तर ती घळ, म्हणजे पाण्याची वाट. टोक उताराकडे असेल तर ती डोंगराची सोंड. एवढी खूण कळली की नदीचे नाव छापलेले नसले तरी चालते. बोट ठेवायचे आणि टोकाटोकाने वर सरकायचे.

आपणही असेच बोट ठेवू. शहराच्या पश्चिमेला छावणी, तिच्या आणि जुन्या शहराच्या मधून नदीची रेघ जाते. तिथून वर सरकलो की बारापुल्ला दरवाजा लागतो, मग पाणचक्की आणि महमूद दरवाजा, मग मकाई दरवाजा आणि पलीकडे बेगमपुरा. रेघ आता पूर्वेकडे कलते, हर्सूलकडे जाते. तिथे तलावाचा निळा ठिपका आहे. तलावाच्या वर मात्र एकच रेघ राहत नाही. तिला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे, आणि सगळे जाटवड्याच्या डोंगराच्या घळींत शिरून संपतात. नदीचे मूळ हे झाडाच्या मुळासारखेच असते. ते एक नसून शंभर असतात. आपल्या म्हणीचा खरा अर्थही कदाचित हाच असेल, की मूळ शोधणे पाप आहे असे नव्हे, तर एकच मूळ मिळेल अशी आशा धरू नये.

नकाशाने वाट दाखवली. पण नकाशा मुका असतो. कोणी, केव्हा, कशासाठी हे तो सांगत नाही. त्यासाठी पोथ्या उघडाव्या लागतात.

१६१० साली निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने खडकी या गावाच्या जागी आपली राजधानी वसवली. खडकी हे नावच जमिनीचे वर्णन करते. काळा पाषाण, वर पातळ माती. अशा जागी राजवाडे बांधणे सोपे, पण माणसे जगवणे अवघड. अंबर १६२६ साली वारला, त्याचा मुलगा फतेहखान याने गावाला फतेहनगर म्हटले. पुढे १६५३ च्या सुमारास दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद हे नाव दिले. आणि २०२३ साली शहर छत्रपती संभाजीनगर झाले. शहराची ही चार नावे झाली. आता नदीची नावे पाहू, कारण तिचीही एक गंमत आहे.

१९११ साली निघालेल्या ब्रिटानिका ज्ञानकोशात हे शहर एका नदीवर वसले आहे असे म्हटले आहे, आणि त्या नदीचे नाव छापले आहे ते के, ए, यू, एम अशा अक्षरांनी. वाचायला गेलो तर होते ‘कौम’. परगावचा वाचक म्हणेल, ही कौम नावाची नदी कोणती बरे? नकाशावर शोधशोध शोधील आणि सापडणार नाही. नदी तीच आहे, आपली खाम. कोणा गोऱ्या लिहिणाऱ्याने कानाला लागले तसे लिहिले, दुसऱ्याने त्यावरून उतरवून घेतले, आणि चुकीची छपाई ग्रंथाग्रंथांतून फिरत राहिली. उलट जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये पाणचक्कीच्या नळाची हकिगत येते, तिथे वरच्या अंगाला ‘हर्सूल नदी’ असा उल्लेख सापडतो. ही चूक नव्हे. आपल्या खेड्यांतून हाच रिवाज आहे. ओढा ज्या शिवारातून जातो त्या गावाचे नाव त्याला मिळते. वरचे गाव त्याला आपला ओढा म्हणते, खालचे आपला. म्हणून जुन्या कागदांत नदी शोधताना एकाच नावाला चिकटून बसू नये. नाव बदलले तरी उतार बदलत नाही. नाव फसवू लागले की समोच्चरेषेला विचारावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खडकाळ जमिनीवर शहर वसले, ते प्याले काय? नदी पावसाळ्यात दुथडी, उन्हाळ्यात कोरडी. तिच्यावर दोन लाख तोंडे जगतील कशी, असे कोणालाही वाटेल. पण मलिक अंबराने नदीच्या वरच्या पाण्याकडे पाहिले नाही, तिच्या खालच्या पाण्याकडे पाहिले. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचे थर असतात. एक थर घट्ट, दुसरा भेगांचा आणि सच्छिद्र. डोंगरावर पडलेला पाऊस भेगांतून झिरपत खाली येतो, घट्ट थराशी अडतो आणि मग आडवा सरकत दरीकडे येतो. म्हणून नदीचे पात्र वरून कोरडे ठणठणीत असले तरी वाळू उकरली की झरा लागतो. आपल्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या असेच तर पाणी भरले आहे. अंबराने हाच झरा फार मोठ्या प्रमाणावर उकरला.

शहराच्या उत्तरेच्या डोंगराळ भागातले हे झिरपणारे पाणी त्याने जमिनीखाली बांधलेल्या दगडी बोगद्यात गोळा केले आणि हळूहळू उताराने शहरात आणले. यालाच नहर-ए-अंबरी म्हणतात. माणसाला आत उतरता येईल एवढी तिची बांधणी आहे. वाटेत हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी झडपा ठेवल्या, शहरात पाण्याचा जोर राखण्यासाठी मनोरे उभारले. या मनोऱ्यांना इथे बंबे म्हणतात. हे सगळे पंधरा महिन्यांत पुरे झाले असे सांगतात. पुढे मोगल आणि आसफजाही अमदानीत अशाच आणखी नहरी निघाल्या. ना मोट, ना रहाट, ना इंजिन. वर डोंगर, खाली शहर आणि मध्ये उतार, एवढ्या भांडवलावर शेकडो वर्षे घराघरांच्या हौदांत पाणी पडत राहिले.

पाणचक्की तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. शाळेची सहल वेरूळ-दौलताबादला निघाली की परतीच्या वाटेवर ती असतेच. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की. उंच भिंतीवरून पाण्याचा पडदा हौदात कोसळतो, पाण्याच्या जोराने खालचे चाक फिरते आणि जाते गरगरते. दर्ग्यातल्या फकिरांचे आणि मुसाफिरांचे दळण या चक्कीवर होत असे. मुले पडदा पाहतात, हौदातले मासे पाहतात, आणि गाडीत बसतात. त्यांना एक गोष्ट दाखवायची राहून जाते. हे पाणी येते कुठून? गॅझेटिअर सांगते की आठ किलोमीटर वर, हर्सूल नदीला जिथे एक ओढा मिळतो त्याच्या किंचित वरच्या बाजूला एक विहीर आहे, तिथून मातीच्या नळातून ते निघते. म्हणजे चक्की ज्या नदीच्या काठी उभी आहे, त्याच नदीच्या वरच्या अंगाचे हे पाणी! भिंतीबाहेर उन्हाळ्यात कोरडी पडणारी खाम आणि भिंतीच्या आत पडद्यासारखी कोसळणारी धार, या दोघी एकाच दरीच्या लेकी.

जुन्या प्रवासी पुस्तकांची हीच गोष्ट. १६६६-६७ च्या सुमारास थेव्हेनो नावाचा फ्रेंच प्रवासी इथे आला होता. हे मोठे, दाट वस्तीचे शहर आहे पण त्याला तट नाही, असे तो लिहून गेला. त्याचे म्हणणे खरेच होते, कारण मराठ्यांच्या धाकाने तट उभा राहिला तो १६८२ साली. पश्चिम अंगाला तटाच्या बाहेर खाम होती, ती आयता खंदकच झाली. म्हणून त्या बाजूचे दरवाजे आणि पूल जोडीने उभे आहेत. मकाई, महमूद आणि बारापुल्ला या तिन्ही दरवाजांना नदीवरचा पूल आहे. पुढे इंग्रजी अमदानीत साहेब लोकांसाठी मरे कंपनीच्या हँडबुकासारखी पुस्तके निघाली. रेल्वे नव्हती तेव्हा प्रवासी नांदगाव स्टेशनावर उतरून टांग्याने यायचे. १९०० च्या सुमारास मनमाडकडून लोहमार्ग आला. अशी पुस्तके प्रवाशाला मकबरा दाखवतात, लेणी दाखवतात, पाणचक्की दाखवतात. खामच्या पुलावरून तर प्रत्येकाला जावेच लागे. पण पुलाखाली काय आहे, ते पाहा असे सांगणारे वाटाड्ये थोडे. आपणही आज तसेच पूल ओलांडतो, नाही का?

आणि इथेच खरी बोचणारी गोष्ट आहे. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. मराठवाड्याच्या शेतीला त्या पाण्याने आधार दिला, वाढत्या शहराला पाणी दिले. धरणाचे उपकार कोणी नाकारू नयेत. लाखो वस्तीच्या शहराची तहान केवळ जुन्या नहरींवर भागली नसती, हेही उघड आहे. पण हिशेब मांडून पाहा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंचीवर आहे. जायकवाडी काठोकाठ भरले तरी त्याची पाणीपातळी सुमारे ४६४ मीटर, म्हणजे वर्तमानपत्रांत आपण वाचतो ती १५२२ फूट. पाणी शंभर मीटर चढवायचे आणि चाळीस-पन्नास किलोमीटर ढकलायचे, तेव्हा कुठे ते पुंडलिकनगरच्या टाकीत पडणार. वीज गेली, पंप बंद पडला, जलवाहिनी फुटली की नळ कोरडे. काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी हंडे मांडून बसणे या शहराने वर्षानुवर्षे अनुभवले आहे. मलिक अंबराचे पाणी डोंगरावरून आपल्या पायाने चालत येत होते. आपले पाणी खालून वर उचलून आणावे लागते.

एवढ्यावर भागले असते तरी ठीक. पण एकदा नळाला गोदावरी आली आणि खामशी आपले कामच उरले नाही. जिच्याशी काम नाही तिची आठवण कोण ठेवतो? नहरींवर घरे झाली, झडपा बुजल्या, बंबे पडले. पात्रात राडारोडा आला, सांडपाणी आले. आणि नदीला नवे नाव मिळाले : नाला. वरचे लोक तिला गावाच्या नावाने ओळखत, साहेबाने तिला कौम केले, पण ती दोन्ही नावे नदीचीच होती. ‘नाला’ या नावाने मात्र तिचे नदीपणच काढून घेतले. नदीत घाण टाकताना माणूस जरा तरी कचरतो, नाल्यात टाकताना कशाला कचरेल? शब्द साधा दिसतो, पण हात मोकळे करतो.

आता बोट पुन्हा नकाशावर ठेवा आणि या वेळी उताराने खाली या. खाम शहर सोडते, दक्षिणेकडे जाते आणि नाथसागराच्या फुगवट्याकडे पोहोचते. नाथसागर म्हणजे जायकवाडीचेच पाणी. म्हणजे जिथून आपण पिण्याचे पाणी उचलतो, तिथेच आपली नदी आपले सांडपाणी नेऊन पोहोचवते. पुंडलिकनगरच्या टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आणि बारापुल्ल्याखालच्या घाणीचा संबंध काय, असे विचारणाऱ्याला हा नकाशा दाखवावा. नदी आपल्यापासून दूर आहे असे आपल्याला वाटत होते. ती दूर नव्हती. आपण तिच्याकडे पाठ करून बसलो होतो इतकेच.

चांगली गोष्ट अशी की २०२१ पासून महानगरपालिका, छावणी परिषद आणि काही संस्था यांनी मिळून खामची साफसफाई आणि काठ सुधारण्याचे काम हाती घेतले. काठावरचा कचरा उचलला गेला, झाडे लागली, माणसे नदीकाठी फिरायला येऊ लागली. काम लांबचे आहे, एका पिढीत पुरे होईलच असे नाही. पण ज्या दिवशी माणसे तिला पुन्हा ‘नदी’ म्हणू लागतील, त्या दिवशी अर्धे काम झाले असे मी म्हणेन.

आता शिक्षकमित्रांसाठी दोन शब्द. खाम तुमच्या गावात नसेल, पण ओढा असेलच. त्याचा माग तुमच्या मुलांकडून काढून घ्या. गावचा नकाशा तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेखाच्या कचेरीत पाहायला मिळतो. त्यात गट नंबरांच्या मधून गेलेली ओढ्याची वाट मुलांना रंगीत पेन्सिलीने गिरवायला सांगा. सर्वेक्षण विभागाचे नकाशे आता संगणकावर पाहता येतात, जिल्ह्याचे गॅझेटिअरही पाहता येते. त्यात तुमच्या ओढ्याचे नाव वेगळेच लिहिलेले सापडले तर आनंद माना, कारण त्या नावाच्या मागे एखादे गाव, एखादी वाट किंवा एखादी चूक असेल आणि तिन्हींतून मुले काही शिकतील.

मग म्हाताऱ्या माणसांकडे जा. कोणत्या डोहात पोहायला शिकलात, कोणत्या पाणवठ्यावर बायका धुणे धुवायच्या, बैलगाडी कोणत्या उतारातून पलीकडे जायची, वैशाखात झिरा कुठे खणायचे, हे विचारा. ही नावे कोणत्याच नकाशात नाहीत. ती माणसाबरोबर जातात, म्हणून ती आज लिहून घ्यायला हवीत. शेवटी मुलांना घेऊन ओढ्याने वर चालत जा. एकदा भाद्रपदात जा, एकदा वैशाखात. नकाशावर जी काळी रेघ होती ती भाद्रपदात वाहते आहे आणि वैशाखात तिच्या वाळूखाली ओल आहे, हे मुलांनी आपल्या हाताने उकरून पाहिले की मलिक अंबराचा सगळा धडा त्यांना एका दुपारी कळेल.

आणि पुंडलिकनगरच्या त्या पोराला सांगा, की बाबा, धरण नव्हते तेव्हा हे शहर आपल्याच डोंगरातले पाणी पीत होते. ते पाणी कुठे गेलेले नाही. डोंगर तिथेच आहे, उतार तिथेच आहे, खडकातली भेगही तिथेच आहे. आपण तेवढे तिचे नाव विसरलो. म्हणून नदीचे मूळ शोधावे. ऋषीचे कूळ वाटल्यास राहू द्या.